बेअरिंग बदललं तरी वॉशिंग मशीन पुन्हा घरघरतंय? शाफ्टवरून एकदा नख फिरवून बघा

लक्षण ठरलेलं असतं. धुणं चालू असेपर्यंत मशीन शांत असतं. शेवटचं पिळणं सुरू झालं, ड्रमने वेग घेतला की घरघर वाढत जाते आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईनासं होतं. मेकॅनिक येतो, ड्रमचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ते बेअरिंग बदलतो, मशीन नव्यासारखं चालू लागतं. आणि काही महिन्यांनी तीच घरघर परत येते.

आमच्या फ्रंट लोड मशीनचं पहिलं बेअरिंग पाच वर्षं टिकलं, दुसरं जेमतेम अकरा महिने. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा दुरुस्तीला आलेल्या मुलाने झाकणसुद्धा उघडलं नाही. "काका, आता याच्यावर खर्च करू नका, नवीनच घ्या," म्हणाला. त्या मुलावर माझा राग नाही, कारण त्याला हेच सांगायला शिकवलेलं असतं. पण चांगला पत्रा, चांगली मोटर, चांगला ड्रम, सगळं धड असलेलं मशीन मुठीएवढ्या एका भागापायी भंगारात द्यायला मन तयार होईना. शेवटी मी ते स्वतः उघडलं. तुमचं मशीन याच चक्रात अडकलं असेल तर पुढचं वाचा आणि त्यानंतरच नवीन मशीन घ्यायचं का ते ठरवा.

आवाज बेअरिंगचाच आहे का?

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. दार उघडून रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि कान मशीनच्या कडेला लावा. चांगल्या बेअरिंगचा आवाज जवळजवळ नसतोच, मोटर ज्याने ड्रम फिरवते त्या पट्ट्याची हलकी सळसळ तेवढी ऐकू येते. खराब बेअरिंगमधून वाळू भरडल्यासारखी खरखर येते आणि ड्रमवर ठेवलेल्या तळव्यालाही ती जाणवते.

आता ड्रमची वरची कड आतून धरून वर उचला, मग खाली दाबा. नजर ड्रम आणि दाराचं रबर यांच्यातल्या फटीवर ठेवा. आतला ड्रम आणि बाहेरचा टब मिळून हलले तर ते स्प्रिंगवरचं झुलणं आहे, त्यात काही वावगं नाही. टब जागेवर राहिला आणि आतला ड्रम एकटाच खालीवर झाला तर बेअरिंग झिजलं आहे. तिसरी एक शक्यता लोक विसरतात. फट उचलल्याने बदलत नाही, पण ड्रम फिरवला की बदलते. एका जागी बोट मावतं आणि अर्धा फेरा फिरवल्यावर त्याच जागी ड्रम रबराला घासतो. असं असेल तर ड्रमला मागून धरणाऱ्या स्पायडरचा एक हात तुटला आहे. तिथे नुसतं बेअरिंग बदलून काही उपयोग नाही.

बेअरिंगच्या नावावर खपणारे इतर आवाजही आहेत. खडखड येत असेल तर नाणं, बटण किंवा ब्रामधली तार ड्रम आणि टबच्या मध्ये किंवा पंपाच्या जाळीत अडकलेली असते. पुढच्या बाजूचं खालचं छोटं झाकण उघडून आधी ती जाळी साफ करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. पिळताना धप धप आदळत असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल झाले आहेत, किंवा टबला बांधलेल्या काँक्रीटच्या वजनाचा बोल्ट ढिला आहे. टब वरून जोराने दाबून सोडा. एका हेलकाव्यात थांबला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठीक, डुलत राहिला तर गेले. मशीन नवंकोरं असून पहिल्याच दिवशी थरथरत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहून गेलेत.

पट्ट्याचं मशीन असेल तर अजून एक खात्री करून घ्या. मागचा पत्रा काढून पट्टा उतरवा आणि ड्रम फिरवा. खरखर तशीच राहिली तर दोष ड्रमकडे, गेली तर मोटरकडे. पत्रा उघडलाच आहे तर शाफ्टच्या खाली टबच्या पाठीवर बघा. तिथे गंजाच्या रंगाचा तपकिरी ओघळ दिसला की पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

तो ओघळ कुठून आला?

बहुतेक मेकॅनिक हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि दुखणं परत परत येतं ते यामुळेच. बेअरिंग आपणहून सहसा मरत नाही. त्याच्यापर्यंत पाणी पोचतं, ग्रीस धुऊन जातं, पोलादी गोळ्यांना गंज चढतो आणि मग ते वाजायला लागतं. पाणी आणि बेअरिंग यांच्यात अडसर एकच, ऑइल सील नावाची रबरी कडी. म्हणून बेअरिंग गेलं असं कळलं की सीलने पाणी का सोडलं ते शोधायचं.

मी टब उतरवला, पुढचा आणि मागचा भाग जोडणारे स्क्रू काढले, ड्रम बाहेर ओढला. ड्रमच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा तीन हातांचा ओतीव स्पायडर असतो आणि त्याच्या मधोमध शाफ्ट. शाफ्टच्या मुळाशी गुळगुळीत धातूची एक बांगडी चढवलेली असते, तिला बुश म्हणतात. सीलचा रबरी ओठ या बुशला चिकटून असतो आणि ड्रम फिरतो तेव्हा बुश त्या ओठाखाली फिरत राहतो. मी बुश चिंधीने स्वच्छ पुसला आणि उजेडाकडे धरला. चकाकत होता. डोळ्यांना दोष दिसेना. मग शाफ्टच्या टोकाकडून आतल्या बाजूला नख ओढलं, आणि ते अडकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा त्याच जागी अडकलं. बुशभोवती केसाएवढी बारीक खाच पडली होती, अगदी गोल, जणू लेथवर कोरली असावी. साबणाचे कण आणि पाण्यातले क्षार ओठाखाली शिरून वर्षानुवर्षं घासत राहिले होते.

अकरा महिन्यांचं कोडं तिथे सुटलं. आधीच्या दुरुस्तीत नवीन बेअरिंग आलं, नवीन सीलही आलं, पण ते सील बसलं जुन्या खाचेवर. पाण्याला वाट पहिल्या धुण्यापासूनच मोकळी होती.

यावर उपाय आहेत. स्पायडर शाफ्टसकट वेगळा मिळत असेल तर तोच बदला, सगळ्यात खात्रीचं काम ते. बुश सुटा मिळत असेल किंवा ओळखीचा लेथवाला असेल तर जुना काढून नवा चढवून घ्या. खाच अगदी पुसट असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करता येते. काही टबांमध्ये सील बसायच्या खोबणीत थोडी जागा उरते. तिथे सील एक-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवलं तर ओठ खाचेऐवजी चांगल्या भागावर टेकतो. मी नवा स्पायडरच घातला, कारण जुन्याचे हात मला धड वाटेनात. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी साचली होती आणि ती खरवडल्यावर खाली किड्याने पोखरल्यासारखे खड्डे होते. स्टेनलेस स्टीलचा ड्रम, त्याला जोडलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये साबणाचं अल्कधर्मी पाणी, या तिघांच्या संगतीत गंजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

बेअरिंग बसवताना होणारी एक चूक इथेच सांगतो, कारण आमच्या पहिल्या दुरुस्तीत तीही झाली असावी. टबमध्ये बेअरिंग घट्ट बसतं ते बाहेरच्या कड्यावर. त्यामुळे ठोकायचं तेही बाहेरच्याच कड्यावर. आतल्या कड्यावर हातोडी मारली की सगळा दणका गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. असं बेअरिंग बसवल्या दिवसापासून अधू असतं. आदल्या रात्री ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं तर किंचित आकसतं आणि हलक्या ठोक्यांनी जागेवर जातं. सीलच्या ओठात पाण्याने न धुपणारं ग्रीस भरा, साधं नको.

मशीनच्या कंपनीचंच बेअरिंग घ्यायला हवं असंही नाही. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा जगभर एकच असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. ६२०६ म्हणजे ३०, ६२ आणि १६. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो. आकड्यापुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबराची झाकणं आहेत. 'झेडझेड' असेल तर पत्र्याची. इथे रबराचीच घ्या. चांगल्या कारखान्याचं बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सील नेताना मात्र जुनं सोबत न्या, कारण त्याची मापं मशीनगणिक बदलतात.

जो टब उघडतच नाही

इथवर मी जे लिहिलं ते सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: टबच्या कडेने स्क्रू होते म्हणून मला तो उघडता आला.

माझ्या मावसबहिणीचं मशीन चौथ्या वर्षी असंच घरघरायला लागलं. माझा हुरूप ताजा होता, म्हटलं, आणा इकडे. मागून दिवा मारून पाहिलं तर टबच्या दोन अर्धांच्या मध्ये एकही स्क्रू नाही. प्लास्टिक वितळवून दोन्ही भाग कायमचे चिकटवलेले. आत तीच दोन बेअरिंगं, तेच एक सील, पण तिथे हात पोचायची सोय नाही. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं की बेअरिंग सुटं मिळत नाही, टब-ड्रमचा आख्खा संच घ्यावा लागेल. त्याचं मजुरीसकट अंदाजपत्रक नव्या मशीनच्या इतकं जवळ जाणारं होतं की तिने नवीनच घेतलं. चार वर्षांची मोटर, पंप, मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, सगळं चालू स्थितीत भंगारात गेलं. आज आठवलं तरी मला वाईट वाटतं.

असे टब हॅकसॉने जोडावरून कापून, बेअरिंग बदलून, बोल्ट आणि सीलंट लावून पुन्हा बंद करणारे कारागीर आहेत. कापण्याआधी जोडाच्या कडेने बोल्टची भोकं पाडून घ्यावी लागतात, नाहीतर दोन अर्ध पुन्हा नेमके जुळत नाहीत. हे काम होऊ शकतं. पण जोड कुठे झिरपला तर खाली मोटर आणि वायरी आहेत, म्हणून अनुभवी हात नसेल तर मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

पूर्वीची मशीन जास्त टिकायची हे आपण म्हणतो तेव्हा ते नुसतं जुन्याचं कौतुक नसतं. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात मोठ्या घरगुती उपकरणांचा पहिल्या घरातला सरासरी वापर २००४ मध्ये १४.१ वर्षं होता, तो २०१२-१३ पर्यंत १३ वर्षांवर आला. सरासरीतली घट लहान दिसते. पण बिघाडामुळे पाच वर्षांच्या आतच बदलावी लागलेली उपकरणं त्याच काळात ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेली. बहिणीचं मशीन याच गटातलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जवळपास एक तृतीयांश उपकरणं चालू असतानाच बदलली गेली. तो भाग आपल्या वागण्याचा आहे आणि तोही मान्य करायला हवा.

युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून नियम केला की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं त्याचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, तेही मागणीनंतर १५ कामकाजी दिवसांत, आणि ते साध्या हत्यारांनी बदलता आले पाहिजेत. मोटर, मोटरचे ब्रश, पंप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बोर्ड, सगळं त्या यादीत आहे. नियम चांगला आहे. मात्र ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांच्यापुढे कंसात लिहिलंय: वेगवेगळे किंवा एकत्र. त्या 'एकत्र'ने चिकटवलेल्या टबाला अभय दिलं. संच उपलब्ध आहे म्हटलं की नियम पाळला गेला, मग तो कोणाला परवडो वा न परवडो.

नव्या बेअरिंगवर ताण कमी कसा ठेवायचा

पिळण्याचा वेग आधी कमी करा. मशीनची निवड करताना आपण १४०० फेऱ्यांचा आकडा कौतुकाने बघतो, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ड्रमचा व्यास अर्धा मीटर धरा. एका बाजूला अर्धा किलोचा ओला टॉवेल गोळा होऊन राहिला तर मिनिटाला १४०० फेऱ्यांना तो ड्रमला सुमारे २७० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचतो, आणि त्या खेचण्याची दिशा सेकंदाला तेवीस वेळा गरकन फिरते. १००० फेऱ्यांना हाच जोर जवळपास निम्मा होतो. मशीन तोल तपासून वेग आवरतं हे खरं, पण थोडा असमतोल ते चालवून घेतंच. बाहेरचं खोकं ६० सेंटीमीटरचंच ठेवून आत आठ-नऊ किलोचे ड्रम बसवायला लागल्यापासून शाफ्टवरचा भार वाढलाय. आम्ही आता ८०० किंवा १००० वरच पिळतो. कपडे वाळायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

साबण मोजून घाला. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. जो धुतला जात नाही तो टबच्या मागच्या भिंतीवर, नेमका सीलच्या आसपास, चिकट करड्या थराच्या रूपात साचतो. कायम थंड पाण्यात धुणं आणि वर सुगंधी सॉफ्टनर, या जोडीने तो थर लवकर जमतो. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून ६० अंशांवर चालवा. धुणं झालं की दार आणि साबणाचा कप्पा उघडे राहू द्या. कुबट वास जातो तो याने जातो, वासाच्या पुड्यांनी नाही.

पुन्हा पुन्हा उद्भवणारी दुसरी तक्रार बोर्ड जळण्याची आहे. तिथेही तीच चूक होते: जळालेला बोर्ड काढला, नवीन लावला, तो कशामुळे जळाला ते पाहिलंच नाही. नवीन बोर्ड लावण्याआधी मल्टिमीटरने हीटर तपासा. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर सुमारे २६ ओहम दाखवतो. हीटरचं टोक आणि अर्थिंग यांच्यात मात्र वीज अजिबात वाहता कामा नये. तसंच मोटर, पंप आणि पाण्याचे व्हॉल्व्ह यांचंही अर्थिंगशी मोजमाप घ्या. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ब्रशची काळी भुकटी साचून विजेची गळती होते. ती झटकून काढा आणि ब्रश आखूड झाले असतील तर बदला, स्वस्तातलं आणि हमखास यश देणारं काम आहे ते. इन्व्हर्टर मोटरचा बोर्ड असेल तर प्लग काढल्यावरही काही मिनिटं हात लावू नका, कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक असतो. आणि बोर्डवर राळेचा जाड थर ओतलेला असला तर ओलावा लागत नाही हे खरं, पण लहानसा रिले बदलायलाही तो थर पोखरावा लागतो. बरेच कारागीर त्याला हात लावत नाहीत.

नवीन घ्यावंच लागलं तर दुकानात आधी रंग आणि प्रोग्रॅम बघू नका. सेवा केंद्राला फोन करून त्या मॉडेलचा बेअरिंग-सील संच सुटा मिळतो का ते विचारा आणि त्याचा भाग क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर टब बहुधा चिकटवलेला आहे. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या मागचा पत्रा उघडून टबच्या कडेचे स्क्रू मोजून दाखवायला सांगा. विक्रेता कंटाळेल, तरी विचारा. दहा-दहा वर्षांच्या मोटरच्या हमीला भुलू नका, मोटर टिकतेच. हमी टब आणि बेअरिंगची किती आहे, ते कागदावर मागा.

आमच्या मशीनला नवा स्पायडर, नवी बेअरिंगं आणि नवं सील लागून तीन वर्षं झाली. दर काही महिन्यांनी मी मागचा पत्रा उघडून शाफ्टखालच्या जागेवर दिवा मारतो. जुना ओघळ तेव्हाच पुसून काढला होता, म्हणजे नवा आला तर लगेच दिसावा. अजून ती जागा कोरडी आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, दोन्ही बेअरिंगचे आकडे आणि सीलची मापं लिहून ठेवली आहेत, पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी.